मालकाच्या लहरींवर पाहुणा किती बोलू शकतो?

संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला सातारा रस्त्यावर पद्मावतीपाशी अडकलं की एकच गोष्ट डोळ्यांत खुपते. आपल्या बाजूला गाड्या इंचाइंचाने सरकतायत, आणि रस्त्याच्या मध्यातली बीआरटीची मार्गिका मात्र दोन बसच्या मधल्या वेळात मोकळी पडलेली आहे. ती बससाठी राखून ठेवली हे योग्यच आहे. बसमधली पन्नास-साठ माणसं माझ्या एकटीच्या गाडीआधी पोचायला हवीत. तरी मनात येतंच, की बस नसताना इथून कुणाला जाऊ दिलं आणि बसला एका सेकंदाचाही उशीर झाला नाही, तर कुणाचं काय बिघडेल?

रेडिओलहरींच्या जगात हाच प्रश्न गेली पंचवीसेक वर्षं फार गंभीरपणे विचारला जातोय. मोबाईल, टीव्ही, विमानतळाचं रडार, पोलिसांची बिनतारी यंत्रणा, प्रत्येकाला लहरींचा आपापला पट्टा नेमून दिलेला असतो. तो फुकट नसतो. २०२२ च्या फाइव्ह-जी लिलावात आपल्या देशातल्या कंपन्यांनी अशा पट्ट्यांसाठी सुमारे दीड लाख कोटी रुपयांची बोली लावली. पण नेमून दिलेला पट्टा सगळीकडे, सगळा वेळ वापरात असतोच असं नाही. मुंबईच्या आयआयटीतल्या संशोधकांनी ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ या टीव्हीच्या पट्ट्याचा देशभराचा हिशेब मांडला, तेव्हा १५ पैकी किमान १२ वाहिन्या जवळपास सगळीकडे मोकळ्या निघाल्या. पालघर जिल्ह्यातल्या खेड्यांत या मोकळ्या जागेतून इंटरनेट पोचवण्याची चाचणीही त्यांनी केली.

१९९९ साली जोसेफ मिटोला यांनी अशा वापरासाठी एक कल्पना मांडली: आजूबाजूच्या लहरींचा अंदाज घेऊन स्वतःचं वागणं बदलणारा रेडिओ. त्याला कॉग्निटिव्ह रेडिओ म्हणतात. मी या लेखात परवानाधारकाला मालक म्हणेन आणि या हुशार रेडिओला पाहुणा. मालकाला तोशीस न लावता पाहुणा जास्तीत जास्त किती माहिती पाठवू शकतो, हा आपला प्रश्न. इंजिनिअर उद्या काय बांधतील यावर त्याचं उत्तर अवलंबून नाही. कितीही हुशार यंत्र आणलं तरी ओलांडता येणार नाही अशी गणिती कमाल मर्यादा आपण शोधतोय. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, आणि या विषयातली ही मर्यादा मला सगळ्यात सुंदर वाटते, कारण ती अगदी अनपेक्षित ठिकाणी जाऊन थांबते.

सगळ्यांना आधी सुचतो तो मार्ग बीआरटीसारखाच आहे. बस दिसत नाही ना? मग शिर. दिसली की बाहेर पड. मालक गप्प असताना बोलायचं, तो बोलू लागला की गप्प बसायचं. अडचण अशी, की "मालक गप्प आहे" हे पाहुण्याला कळायचं कसं? वेताळ टेकडीच्या पाषाणकडच्या उतारावर, अगदी टेकडीच्या पोटाशी तुम्ही उभे आहात असं समजा. सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून निघालेली लहर मधे टेकडी आल्यामुळे तुमच्यापर्यंत अगदी क्षीण होऊन येते. तुमचं यंत्र म्हणतं, पट्टा मोकळा आहे. तुम्ही बोलू लागता, आणि टेकडीच्या माथ्यालगत कुणाच्या गच्चीवर जो अँटेना ती लहर छान पकडत होता, त्याच्या कानात तुमचा आवाज घुसतो. पाहुण्याच्या कानाला जे ऐकू येतं आणि मालकाच्या श्रोत्याला जे ऐकू येतं, ते एक नसतंच.

मग कान आणखी तीक्ष्ण करू, जास्त वेळ ऐकत राहू? त्यालाही मर्यादा आहे. राहुल टंड्रा आणि अनंत सहाई यांनी २००८ साली दाखवलं, की पार्श्वभूमीच्या गोंगाटाची पातळी तुम्हाला तंतोतंत माहीत नसेल, आणि ती कधीच नसते, तर एका ठरावीक पातळीखालचा सिग्नल तुम्ही तासन्‌तास ऐकलात तरी ओळखता येत नाही. तिथे भिंत लागते. शिवाय पाहुण्याच्या बोलणाऱ्याला एक आकाश दिसतं आणि त्याच्याच ऐकणाऱ्याला दुसरं. सय्यद जाफर आणि श्रीनिवास यांनी हे दोन वेगळ्या स्विचसारखं मांडलं: दोन्ही स्विच एकाच वेळी चालू असतील तरच बोलणं पोचणार. म्हणजे पाहुण्याची क्षमता नुसत्या मोकळ्या वेळावर ठरत नाही. दोन टोकांना दिसणारी मोकळीक एकमेकींशी किती जुळते, त्यावर ठरते.

इथपर्यंत रस्त्याची उपमा चालली. आता ती सोडायला हवी, कारण पुढची सगळी गंमत ती जिथे मोडते तिथेच आहे. रस्त्यावर एका जागी दोन गाड्या मावत नाहीत. हवेत मावतात. दोन लहरी एका जागी आल्या की त्यांची बेरीज होते, आणि बेरीज झालेली गोष्ट परत वेगळी करता येते, अट एवढीच की तुम्हाला पुरेसं काही माहीत असायला हवं.

किती वेगळी करता येते, हे मोजायची पट्टी क्लॉड शॅननने १९४८ साली दिली. क्षमता दोन गोष्टींवर ठरते: पट्टा किती रुंद, आणि सिग्नल गोंगाटाच्या किती पट. यातली दुसरी गोष्ट लॉगॅरिदमच्या चालीने चालते, आणि ते विसरायचं नाही. १० मेगाहर्ट्झचा पट्टा घ्या, सिग्नल गोंगाटाच्या १००० पट घ्या. क्षमता येते सेकंदाला सुमारे १०० मेगाबिट. सिग्नल दुप्पट केलात तर १००ची २०० होत नाही, ११० होते. उलट बाजूने पाहिलं, तर शक्ती पुष्कळ कमी केली तरी क्षमता थोडीच कमी होते. हा धागा पुढे लागणार आहे.

आता याच पट्ट्यात शेजारची दुसरी जोडी तेवढ्याच जोरात बोलू लागली. तिचं बोलणं आपण निव्वळ गोंगाट मानलं तर सिग्नल आणि गोंगाट जवळजवळ समान होतात, आणि १०० मेगाबिटचे १० उरतात. दोघांनी आळीपाळीने बोलायचं ठरवलं तर प्रत्येकी साधारण ५०. व्यवहारात बहुतेक ठिकाणी हेच चालतं.

पण शेजाऱ्याचा आवाज आणखी वाढला तर? इथे आपलं मन म्हणतं, आणखी वाईट. १९७५ साली ब्राझीलच्या आयदानो कार्लेयाल यांनी दाखवलं, की आवाज फारच वाढला तर नुकसान शून्य होतं. गणपतीत शेजारच्या मांडवातून भिंतीआडून येणारी अस्पष्ट घुमघुम फोनवर बोलताना फार त्रास देते. तीच आरती स्वच्छ, शब्दन्‌शब्द कळेल अशी आली, तर पुढची ओळ आपल्याला आधीच ठाऊक असते आणि मन ती बाजूला ठेवू शकतं. यंत्र हे काम माणसापेक्षा काटेकोर करतं. शेजाऱ्याचा संदेश पूर्ण उलगडायचा, त्यावरून त्याची लहर जशीच्या तशी पुन्हा तयार करायची, आणि आलेल्या बेरजेतून ती वजा करायची. आपल्या उदाहरणात शेजाऱ्याचा आवाज आपल्या सिग्नलच्या हजार पट असेल तर दोघांनाही पूर्ण १०० मेगाबिट मिळतात. त्रास होतो तो मधल्या पट्टीत, जिथे आवाज दुर्लक्ष करण्याइतका लहान नाही आणि समजून घेण्याइतका मोठाही नाही. या मधल्या पट्टीची नेमकी क्षमता पूर्णपणे अजून कुणाला सापडलेली नाही. टे सुन हान आणि किंगो कोबायाशी यांनी १९८१ साली सुचवलेली पद्धत त्या क्षमतेच्या, दर हर्ट्झमागे सेकंदाला एका बिटाच्या आत पोचते, हे एटकिन, त्से आणि वांग यांनी २००८ साली सिद्ध केलं. नेमकी रेषा मात्र अजून आखायची राहिली आहे.

आता आपला पाहुणा. मालक काय बोलणार आहे हे त्याला आधीच माहीत आहे असं धरू. ही फार मोठी सवलत आहे, तिच्याकडे परत येईनच. २००६ साली नताशा डेव्हरॉय, पॅट्रिक मित्रान आणि वाहिद तारोख यांनी नेमका हाच प्रश्न मांडला, आणि त्याच्या मुळाशी एक जुना निकाल होता: मॅक्स कोस्टा यांचा १९८३ चा. तेही ब्राझीलचेच. कोस्टांचा प्रश्न असा: कागदावर शाईचे डाग आहेत. लिहिणाऱ्याला ते दिसतात. वाचणाऱ्याला डाग कुठला आणि अक्षर कुठलं हे कळत नाही. अशा कागदावर किती मजकूर लिहिता येईल? उत्तर: कोऱ्या कागदावर जेवढा, तेवढाच. डाग कितीही असोत.

हे माझ्या भाच्याला पटेना. तो हिंजवडीत टेलिकॉमच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, रविवारी जेवायला आला होता. लाइट बिलाच्या पाकिटामागे मी त्याला हे असं करून दाखवलं.

"समज, तुला मला ० ते ९ मधला एक अंक कळवायचा आहे. तू जी संख्या पाठवशील तिच्यात वाटेत कुणीतरी ४७२८ मिळवणार आहे. तुला हे माहीत आहे, मला नाही. तुला ३ कळवायचेत. काय पाठवशील?"

"उणे ४७२५ पाठवेन. म्हणजे तुला नेमके ३ मिळतील."

"बरोबर, पण एवढा मोठा आकडा म्हणजे एवढी मोठी शक्ती. तुझी बॅटरी तिथेच संपली. आता आपण दोघांनी आधी एक ठरवून ठेवू: मी फक्त एकंचा अंक बघणार. दहं, शतं, हजार, काही बघणार नाही."

तो क्षणभर पाकिटाकडे बघत राहिला. मग त्याने ५ लिहिले. ४७२८ अधिक ५, ४७३३. एकं स्थानी ३.

"आणि मधे ४७२८ ऐवजी ९१ लाख आले तर?"

"तरी पाचाच्या वर काही पाठवावं लागणारच नाही, मावशी. पुढे पाच नाहीतर मागे पाच."

युक्ती सगळी एवढीच आहे. व्यत्यय खोडायच्या मागे लागायचं नाही. तो जिथे घेऊन जाईल तिथून आपल्या अर्थाच्या सगळ्यात जवळच्या ठिकाणी पाऊल टाकायचं. एका अंकाच्या या खेळात थोडं नुकसान होतंच, कारण खरा गोंगाट त्या ३ चा ४ करू शकतो. कोस्टांच्या सिद्धतेचं म्हणणं असं, की अंक एकेक न पाठवता लांबलचक ओळीत एकत्र गुंफून पाठवले तर ते नुकसान हवं तितकं लहान करता येतं. म्हणून मालकाचा आवाज पाहुण्याच्या श्रोत्याच्या कानात कितीही जोरात येवो, पाहुण्याची क्षमता त्यामुळे एका बिटानेही कमी होत नाही.

हा झाला मालकाचा पाहुण्याला होणारा त्रास. त्याहून नाजूक आहे ती उलटी बाजू, कारण मालकाला तोशीस लागू द्यायची नाही असं आपण कबूल केलंय. पाहुणा तोंड उघडेल तर मालकाच्या श्रोत्याकडे थोडा तरी आवाज जाणारच. मग भरपाई कशी करायची? पाहुण्याला मालकाचा संदेश माहीत आहे ना, मग तो स्वतःच्या शक्तीतला काही भाग खर्चून मालकाचंच बोलणं मालकाच्या सुरात सूर मिळवून बोलतो. मालकाच्या श्रोत्याला मालक जरा मोठ्याने ऐकू येतो, पाहुण्याची कुजबुजही ऐकू येते, आणि दोन्हींचं गुणोत्तर पूर्वीइतकंच राहतं. मालकाच्या श्रोत्याला यंत्र बदलावं लागत नाही, पाहुणा आला हे कळतही नाही.

आकडे घालून बघू. मालकाचा सिग्नल त्याच्या श्रोत्याकडे गोंगाटाच्या १०० पट पोचतो. पाहुण्याची सगळी शक्तीही त्याच्या स्वतःच्या श्रोत्याकडे १०० पट पोचते, पण मालकाच्या श्रोत्याकडे तिचा ९ टक्केच भाग जातो. पाहुण्याच्या खिशात १०० रुपये आहेत असं समजा. गणित सोडवलं तर त्याला जवळजवळ ९३ रुपये मालकाला हातभार लावण्यात घालावे लागतात आणि स्वतःसाठी ७ रुपये आणि काही पैसे उरतात. मालकाच्या श्रोत्याकडे सिग्नल १०० चा १६६ होतो, गोंगाट आणि कुजबुज मिळून १ चं १.६६ होतं, भागाकार पुन्हा १००. मालकाचं काही गेलं नाही.

पाहुण्याला काय मिळालं? इथे तो लॉगॅरिदम मदतीला येतो. ७.३ पट सिग्नलला दर हर्ट्झमागे सेकंदाला सुमारे ३.०६ बिट मिळतात. पट्टा पूर्ण त्याच्या एकट्याच्या नावावर असता आणि सगळे १०० रुपये स्वतःवर खर्चले असते, तर ६.६६ मिळाले असते. म्हणजे शंभरातले ९३ दुसऱ्याला देऊनही पाहुण्याकडे जवळजवळ निम्मी क्षमता उरली, आणि मालकाची पूर्ण शाबूत राहिली. मी हे गणित दर वर्षी फळ्यावर करते आणि शेवटचा आकडा लिहिताना मला अजूनही आनंद होतो.

अलेक्सांदर योव्हिचिच आणि प्रमोद विश्वनाथ यांनी, आणि त्याच सुमारास वेगळ्या वाटेने वेई वू, श्रीराम विश्वनाथ आणि आरी अरापोस्टाथिस यांनी सिद्ध केलं, की पाहुण्याचा आवाज स्वतःच्या श्रोत्यापेक्षा मालकाच्या श्रोत्याकडे क्षीण पोचत असेल, तर याहून चांगली युक्ती असूच शकत नाही. हीच कमाल मर्यादा. आवाज मालकाच्या श्रोत्याकडे बराच जास्त जोरात जात असेल तर कार्लेयाल यांच्यासारखी, संदेश उलगडून वजा करण्याची पद्धत योग्य ठरते, आणि तिथल्या काही परिस्थितींतही नेमकी क्षमता सापडली आहे. मधल्या प्रदेशासाठी रिनी, तुनिनेत्ती आणि डेव्हरॉय यांनी २०१२ पर्यंत अंतर एका बिटाच्या आत आणून ठेवलं.

"पण मावशी," भाच्याने भात कालवता कालवता विचारलं, "मालक काय बोलणार हे पाहुण्याला आधीच कसं कळणार? तो काही त्याला विचारून बोलत नाही."

खरा प्रश्न हाच आहे. काही ठिकाणी ते शक्य असतं. दोन्ही मनोरे एकाच कंपनीचे असतील आणि मधे फायबर असेल, तर मोठ्या मनोऱ्याचा मजकूर छोट्याला आधी कळवता येतो. किंवा मालकाचा एखादा पॅकेट पोचला नाही म्हणून तो पुन्हा पाठवणार असेल, आणि पाहुण्याने तो पहिल्याच खेपेला नीट ऐकलेला असेल, तर दुसऱ्या खेपेला पाहुण्याला सगळं ठाऊक असतं. एरवी पाहुण्याला आधी ऐकत बसावं लागतं, आणि ऐकण्यात गेलेला वेळ बोलण्यातून वजा होतो. सुरात सूर मिळवायचा तर लहरीची कला, म्हणजे चढ कुठे आणि उतार कुठे, हेही नेमकं जुळावं लागतं. चालत्या गाडीतल्या फोनसाठी ते महाकठीण. त्यामुळे वर काढलेले ३.०६ बिट हे छत आहे, जमीन नाही. प्रत्यक्षातली यंत्रं खूप खाली राहतात, आणि किती खाली ते त्यांना शेजाऱ्याबद्दल किती, आणि किती वेळेवर माहीत आहे यावर ठरतं.

म्हणूनच सध्याचे कायदे साध्या मार्गाने जातात. अमेरिकेत ३.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात नौदलाचं रडार मालक आहे, आणि पाहुण्यांनी कधी बोलायचं हे एक मध्यवर्ती संगणकप्रणाली ठरवते. टीव्हीच्या मोकळ्या वाहिन्यांसाठीही अमेरिकेने २०१० साली, यंत्राने स्वतः कानोसा घेण्यापेक्षा नोंदवहीत पाहून बोलावं यावर भर दिला. तिथे मालकाचा संदेश माहीत नसतो, पण त्याचा पत्ता माहीत असतो.

आणि पुण्याजवळ एक मालक असा आहे, की ज्याच्यापुढे ऐकून बोलणारा पाहुणा पूर्ण हतबल होतो. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली रेडिओ दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात सुमारे २५ किलोमीटरवर पसरलेल्या, साधारण १५० ते १४५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत आकाश ऐकणाऱ्या. टीव्हीच्या ज्या मोकळ्या वाहिन्यांबद्दल वर लिहिलं, त्या याच मर्यादेत येतात. ही दुर्बीण काहीच प्रक्षेपित करत नाही. पाहुण्याने कितीही तीक्ष्ण कान लावले तरी त्याला तिथे शांतताच ऐकू येणार, आणि तो पट्टा मोकळा समजून बोलू लागणार. तिच्या सुरात सूरही मिळवता येत नाही, कारण बोलतो आहे तो कोट्यवधी प्रकाशवर्षं दूरचा हायड्रोजन, आणि तो पुढे काय बोलणार हे कुणालाच ठाऊक नाही. तेच तर ऐकायचं आहे.

किती क्षीण आवाज ऐकते ही दुर्बीण? चंद्रावर १ वॅटचा, २०० किलोहर्ट्झ रुंदीचा जुन्या पद्धतीचा मोबाईल चालू ठेवला, तर पृथ्वीवर त्याची तीव्रता साधारण २७० जान्स्की भरते. जान्स्की हे खगोलशास्त्रज्ञांचं माप. खोडदच्या तबकड्या जान्स्कीच्या हजाराव्या भागाच्याही खालचे स्रोत शोधत असतात, आणि आपला मोबाईल चंद्रावर नसतो, नाशिक रस्त्यावरच्या गाडीत असतो. ऐकून बोलायचं हा नियम तिथे उपयोगाचा नाही, भरपाईचं गणितही नाही. पाहुण्याला आधीच कुणीतरी सांगून ठेवावं लागतं, की या डोंगराच्या पलीकडे कुणीतरी गप्प बसून ऐकतंय.